विशेषणापुढे 'टु' लावताना: इंग्रजी बोलताना रोज अडणारी जागा आणि ती सोडवण्याचा क्रम

राऊहून इंदूरच्या विजयनगरला इंटरव्ह्यूला गेलेला एक मुलगा परत आल्यावर माझ्याकडे आला. "काकू, सगळं मस्त चाललं होतं. वेळेचं विचारलं आणि मी उत्तर दिलं, तर समोरचे दोघेही हसले." त्याला सांगायचं होतं की मला सकाळी नऊपर्यंत पोहोचायला कठीण आहे. तो म्हणाला होता, "आय ॲम डिफिकल्ट टु रीच." इंग्रजीत याचा अर्थ होतो, मी सहजासहजी कुणाच्या हाती लागत नाही, माझा फोन लागणं मुश्कील. नोकरी मागायला आलेल्यानं आपणहून हे सांगितलं तर कोणीही हसेल.

गंमत म्हणजे त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नव्हती. वाक्य शुद्ध होतं, फक्त भलतंच काही सांगत होतं.

रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथेच अडतात. कारण आपला '-ायला' हा प्रत्यय फार कामसू आहे. प्यायला गरम, यायला कठीण, भेटायला उत्सुक, बसायला आरामशीर, सगळीकडे तोच. त्यात आपण इंदूरकर, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं 'आने में दिक्कत है' असं हिंदीत जुळवतो. मग इंग्रजीत जाताना '-ायला' काढून तिथे 'टु' बसवला की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. 'टु' एकच दिसतो, पण त्याच्या मागची रचना दर वेळी वेगळी असते.

एक खुलासा आधीच करते. इंग्रजीत क्रियापदाआधी येणारा जोडशब्द आणि 'प्रमाणाबाहेर' या अर्थाचा शब्द देवनागरीत सारखेच दिसतात. म्हणून या लेखात जोडणारा तो ऱ्हस्व 'टु', आणि प्रमाणाबाहेरचा तो दीर्घ 'टू'. उच्चारही साधारण तसाच आहे, त्यामुळे हा फरक कानालाही उपयोगी पडेल.

तयारी: वही आणि स्वतःची दहा वाक्यं

पुस्तकातली वाक्यं नकोत. आज दिवसभरात तुम्ही खरोखर बोललेली किंवा बोलणार असलेली दहा मराठी वाक्यं लिहा, ज्यांत एक विशेषण आणि एक '-ायला', '-णं' किंवा '-ण्याइतका' असेल, किंवा इंग्रजीत जाताना तिथे विशेषण आणि 'टु' येईल. माझ्या वहीतली काही देते:

चहा प्यायला फार गरम आहे. तुम्हाला भेटून आनंद झाला. रात्री हा रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. आजीला खूश करणं सोपं आहे. मला यायला जमणार नाही. तुम्ही आलात, किती बरं वाटलं!

प्रत्येक वाक्याखाली तीन ओळी रिकाम्या सोडा. लगेच भाषांतर करू नका. ही सूचना मी दर वेळी देते आणि दर वेळी निम्मी मुलं पेन उचलून 'आय ॲम' लिहून मोकळी होतात. 'आय ॲम' हेच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे, त्यामुळे पेन खाली.

१. विशेषणाचा मालक शोधा

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे विशेषण नक्की कोणाचं? उत्तरं तीनच असतात. करणाऱ्याचं, कामाचं, किंवा ज्यावर काम होतंय त्या वस्तूचं.

'मी भेटायला उत्सुक आहे' यात उत्सुक कोण? मी. भेटणारही मीच. मालक करणारा.

'मला नऊपर्यंत पोहोचायला कठीण आहे' यात कठीण काय? मी नाही, पोहोचणं. मालक काम. त्या मुलानं हे विशेषण स्वतःला चिकटवलं, बस, एवढंच झालं होतं.

'हे पोतं उचलायला जड आहे' यात जड काय? पोतं. मालक वस्तू.

हा फरक किती खोल जातो ते या दोन वाक्यांत बघा. "काका इज स्लो टु अंडरस्टँड" आणि "काका इज हार्ड टु अंडरस्टँड". दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात काकांना गोष्ट उशिरा कळते, समजून घेणारे काका. दुसऱ्यात काकांचं बोलणं आपल्याला कळत नाही, समजून घेणारे आपण. एक विशेषण बदललं आणि अख्खं वाक्य उलटं फिरलं. म्हणून विशेषणं सुटी पाठ करून उपयोग नाही. कोणतं विशेषण कोणत्या मालकाकडे राहतं, ते त्याच्यासोबतच लिहून ठेवायचं.

तपासा: दहाही वाक्यांपुढे 'करणारा', 'काम' किंवा 'वस्तू' लिहून झालं का? एखाद्या वाक्यात ठरत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, पुढे सुटेल.

२. मालक करणारा असेल तर

हे सगळ्यात सोपं. माणूस, मग 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज' किंवा 'वेअर', मग विशेषण, मग 'टु', मग क्रियापदाचं मूळ रूप. "आय ॲम रेडी टु गो." "शी वॉज हॅपी टु हेल्प." "दे आर ईगर टु लर्न."

इथे राहणारी विशेषणं मुख्यतः मनाच्या स्थितीची असतात: हॅपी, ग्लॅड, सॉरी, प्राउड, सरप्राइज्ड, अफ्रेड. नाहीतर तयारीची: रेडी, विलिंग, ईगर, रिलक्टंट, एबल. क्विक आणि स्लो हेही इथलेच. "ही इज क्विक टु गेट अँग्री." घरोघरी एक असतोच.

सावधान: काळ फक्त 'ॲम-वॉज' मध्ये दिसतो, 'टु' च्या पुढे कधीच नाही. "आय वॉज ग्लॅड टु मेट यू" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चहाचा कप खाली ठेवावासाही वाटत नाही. भूतकाळ 'वॉज' नं सांगून झाला, पुन्हा 'मेट' कशाला? "आय वॉज ग्लॅड टु मीट यू." तसंच 'टु हेल्पिंग' नाही, 'टु हेल्प्स' नाही.

नकार द्यायचा असेल तर 'नॉट' हा 'टु' च्या आधी. "बी केअरफुल नॉट टु स्पिल इट."

'लाइकली' आणि 'शुअर' हे दोघे जरा फसवे. "ही इज शुअर टु कम" यात खात्री त्याला नाही, बोलणाऱ्याला आहे: तो येणार म्हणजे येणारच. त्याला स्वतःला खात्री असेल तर "ही इज शुअर दॅट ही विल कम". क्रिकेटवर बोलताना हा फरक लगेच कळतो. आपला संघ जिंकणार याची खात्री संघाला असतेच असं नाही, कट्ट्यावरच्या सगळ्यांना मात्र असते.

३. मालक काम असेल तर

इथे वाक्याची सुरुवात माणसानं करायचीच नाही. 'इट' नं करायची. हा 'इट' म्हणजे कुठलीही वस्तू नव्हे. खरा कर्ता मागून 'टु' सोबत येतोय, तोपर्यंत त्यानं खुर्ची धरून ठेवलेली असते.

"इट इज डिफिकल्ट टु फाइंड पार्किंग निअर राजवाडा." राजवाड्याजवळ पार्किंग मिळणं कठीण. कठीण काय? मिळणं.

कोणासाठी कठीण हे सांगायचं असेल तर 'फॉर' लावून माणूस मध्ये बसवायचा. "इट इज डिफिकल्ट फॉर मी टु गेट देअर बाय नाइन." हेच त्या मुलाचं खरं वाक्य. इथे 'रीच' काढून मी 'गेट देअर' घातलंय, कारण 'रीच' ला पुढे ठिकाण लागतं: 'रीच द ऑफिस', 'रीच होम'. नुसतं 'रीच' लोंबकळत राहतं.

याच घरात राहणारी आणखी विशेषणं: इम्पॉर्टंट, नेसेसरी, पॉसिबल, कन्व्हीनियंट. या चौघांना माणूस अजिबात चालत नाही. "आय ॲम नॉट पॉसिबल टु कम" चूक. "आर यू कन्व्हीनियंट टु कम ॲट सिक्स?" चूक, आणि ऐकणाऱ्याला थोडं चमत्कारिकही. "इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टु कम ॲट सिक्स?" हे बरोबर.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. 'मला यायला जमणार नाही' साठी 'पॉसिबल' च्या नादी लागूच नका. 'एबल' हे करणाऱ्याच्या घरातलं विशेषण आहे, तेच वापरा: "आय वोन्ट बी एबल टु कम." 'मला जाणं गरजेचं आहे' साठीही 'इट इज नेसेसरी फॉर मी टु गो' शुद्ध आहे, पण घरात असं कोणी बोलत नाही. "आय हॅव टु गो" म्हणा आणि निघा.

आता याच घरातली एक वेगळी खोली. काही विशेषणं कामाचीही असतात आणि त्या कामावरून माणसाचीही: काइंड, नाइस, थॉटफुल, सिली, रूड, केअरलेस, ब्रेव्ह. तुम्ही आलात हे चांगलं, आणि आलात म्हणून तुम्हीही चांगले. इथे 'फॉर' चालत नाही, 'ऑफ' लागतो. "इट वॉज काइंड ऑफ यू टु कम." "इट वॉज केअरलेस ऑफ मी टु लीव्ह द गॅस ऑन."

'गुड' हे विशेषण दोन्हीकडे जातं आणि अर्थ बदलून येतं. "इट इज गुड फॉर यू टु वॉक" म्हणजे चालणं तुमच्या तब्येतीला चांगलं, डॉक्टर म्हणतात तसं. "इट वॉज गुड ऑफ यू टु वॉक होम विथ मी" म्हणजे तुम्ही मला घरापर्यंत सोडायला आलात, तुमचा चांगुलपणा.

तपासा: 'यू आर काइंड' असं वेगळं वाक्य करून अर्थ टिकतो का? टिकत असेल तर 'ऑफ'. 'यू आर डिफिकल्ट' म्हटलं तर भांडण होईल, म्हणजे तिथे 'फॉर'.

४. मालक वस्तू असेल तर

मराठीतून येणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, तेव्हा घाई करू नका.

तिसऱ्या टप्प्यातलं वाक्य घ्या: "इट इज डेंजरस टु क्रॉस दिस रोड ॲट नाइट." यातला रस्ता उचलून 'इट' च्या जागी आणा: "दिस रोड इज डेंजरस टु क्रॉस ॲट नाइट." झालं. रस्ता पुढे आला, त्याची मागची जागा रिकामी राहिली. ती रिकामीच राहू द्यायची.

सावधान: रिकामी जागा बघून आपल्याला चैन पडत नाही आणि आपण तिथे 'इट' कोंबतो. "दिस बॅग इज हेवी टु लिफ्ट इट", "गराडू आर हार्ड टु पील देम". दोन्ही चूक. बॅगेचं नाव सुरुवातीला घेऊन झालंय. मराठीतही आपण 'ही बॅग त्या बॅगेला उचलायला जड आहे' असं म्हणत नाही, मग इंग्रजीतच ही उदारता कशाला?

दुसरी चूक याच्या बरोबर उलट: जे ठेवायचं तेच गाळणं. क्रियापदासोबत 'ऑन', 'इन', 'विथ', 'टु' असा छोटा शब्द लागत असेल तर तो जागेवर राहिलाच पाहिजे. खुर्चीवर बसतात, म्हणून "दिस चेअर इज कम्फर्टेबल टु सिट ऑन." पेननं लिहितात, म्हणून "दिस पेन इज नाइस टु राइट विथ." "सिरपूर लेक इज प्लेझंट टु वॉक अराउंड." आणि ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येतं त्या आत्यासाठी "शी इज ईझी टु टॉक टु." शेवटचा 'टु' ऐकायला विचित्र वाटतो म्हणून मुलं तो खातात. खाऊ नका.

तपासायची युक्ती एकच: वाक्य परत 'इट इज' मध्ये वळवा. "इट इज ईझी टु टॉक टु हर." इथे 'टॉक' नंतर 'टु' लागला ना? मग वर आणलेल्या वाक्यातही लागणारच. अशी पाच-सहा वाक्यं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे वळवलीत तर हात बसतो.

'पॉसिबल' हे विशेषण असं वळत नाही, पण 'इम्पॉसिबल' वळतं. "ही इज इम्पॉसिबल टु प्लीज" अगदी रोजच्या वापरातलं. असं का, तर भाषा आहे. दोन्ही वाक्यं वहीत शेजारी-शेजारी लिहून टाका.

'रेडी' मात्र दोन घरांत राहतं. "द चिल्ड्रन आर रेडी टु ईट" मध्ये मुलं खाणार. "द पोहे आर रेडी टु ईट" मध्ये पोह्यांवर शेव आणि जीरावन पडलंय, आता खाल्ले जाणार. पहिल्या टप्प्यात प्रश्नचिन्ह टाकलेलं तुमचं वाक्य बहुधा असंच काहीतरी असेल.

५. प्रमाण सांगायचं असेल तर: 'टू' आणि 'इनफ'

'चहा प्यायला फार गरम आहे' याचं भाषांतर बहुतेकजण "द टी इज व्हेरी हॉट टु ड्रिंक" असं करतात. 'व्हेरी' म्हणजे खूप, पण चालण्यासारखं. 'टू' म्हणजे इतकं जास्त की काम होणारच नाही. पिता येत नाही म्हणायचंय, म्हणून "द टी इज टू हॉट टु ड्रिंक." नकार त्या दीर्घ 'टू' च्या पोटातच आहे, वेगळा 'नॉट' नको. आणि चौथ्या टप्प्याप्रमाणे शेवटी 'इट' ही नको. मात्र हेच वाक्य 'सो' नं केलं तर तिथे 'इट' लागतो: "द टी इज सो हॉट दॅट आय कान्ट ड्रिंक इट." कारण 'दॅट' च्या पुढे नवं, पूर्ण वाक्य सुरू झालं.

यावरून एक लक्षात येईल. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन "टू टेस्टी!" म्हणणं आपल्याकडे चालतं, पण परक्या माणसाला सांगताना "व्हेरी टेस्टी" म्हणा. नाहीतर तो पुढच्या तक्रारीची वाट बघत बसेल.

'इनफ' ची जागा विशेषणाच्या नंतर. "शी इज नॉट ओल्ड इनफ टु ड्राइव्ह." 'इनफ ओल्ड' नाही. नाम असेल तर मात्र नामाच्या आधी: "इनफ मनी टु बाय अ स्कूटर." '-ण्याइतका' असलेली वाक्यं वहीत शोधा, ती सगळी इथे येतील.

६. 'टु' नको म्हणणारी विशेषणं

ही यादी हा टप्पा येईपर्यंत मुद्दाम देत नाही. आधी दिली तर मुलं सगळ्याच विशेषणांना घाबरायला लागतात.

'केपेबल' ला 'ऑफ' आणि 'इंग' लागतं: "केपेबल ऑफ डूइंग". 'एबल' ला 'टु', 'केपेबल' ला 'ऑफ', अर्थ जवळजवळ तोच. 'गुड' कौशल्य सांगत असेल तर "गुड ॲट कुकिंग". 'बिझी' ला मध्ये काहीच नको: "बिझी कुकिंग". 'वर्थ' लाही नाही: "मांडू इज वर्थ सीइंग". 'वर्थ टु सी' हे फार रुळलेलं आहे आणि फार चूक आहे.

'इंटरेस्टेड' मध्ये दोन अडचणी. पहिली, "आय ॲम इंटरेस्टिंग" म्हणजे मीच मोठा रंजक माणूस. स्वतःबद्दल सांगताना 'इंटरेस्टेड'. दुसरी, "इंटरेस्टेड इन लर्निंग" हे नेहमीचं. 'टु' फक्त ऐकणं, बघणं, कळणं अशा क्रियापदांसोबत शोभतो: "आय वुड बी इंटरेस्टेड टु नो."

'अफ्रेड' दोन्ही घेतं. "आय ॲम अफ्रेड टु स्पीक" म्हणजे भीतीमुळे बोलत नाही. "आय ॲम अफ्रेड ऑफ फॉलिंग" म्हणजे पडेन की काय ही भीती. पडणं कोणी ठरवून करत नाही, म्हणून तिथे 'टु' नाही.

सावधान: "आय ॲम यूज्ड टु ईटिंग पोहे एव्हरी मॉर्निंग" म्हणजे सवय आहे. "आय यूज्ड टु ईट पोहे" म्हणजे पूर्वी खायचो, आता नाही. 'ॲम' दिसला की 'इंग', नाही दिसला की मूळ रूप. इंदूर सोडून पुण्याला गेलेल्यांनी दुसरं वाक्य वापरावं, आणि वापरतातही, उसासा टाकून.

७. आता मोठ्यानं म्हणा

दहा वाक्यांच्या खाली इंग्रजी लिहून झालं असेल. आता आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करा. दोनच गोष्टी ऐका.

एक, 'टु' वर जोर दिलाय का? बोलण्यात तो जवळजवळ गिळला जातो: 'रेडी ट गो'. त्याच्यानंतर स्वर आला की थोडा स्पष्ट होतो: 'रेडी टु ईट'. दीर्घ 'टू' वर मात्र जोर हवा, नाहीतर 'टू हॉट' मधली तक्रारच पोहोचत नाही.

दोन, उत्तर देताना अख्खं वाक्य परत म्हणता का? "वुड यू लाइक टु जॉइन अस?" याला "आय वुड बी ग्लॅड टु" एवढंच पुरतं. क्रियापद गाळायचं, 'टु' ठेवायचा. 'आय वुड बी ग्लॅड' वर थांबलात तर समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबतो.

त्या मुलाला मी निघताना आणखी एक जोडी लिहून दिली, कारण पुढचा इंटरव्ह्यू दोनच दिवसांवर होता. पहिल्यांदा भेटल्यावर, बसण्याआधी: "नाइस टु मीट यू." उठून दाराकडे जाताना: "इट वॉज नाइस मीटिंग यू." आणि त्याच माणसांनी दुसऱ्या फेरीला बोलावलं, तर 'मीट' नाही, "नाइस टु सी यू अगेन."